एका वेलीला दोन निमंत्रणे

नातसून बाळंत झाली आणि बाळाला दूध पुरेना. मुलगा म्हणाला, "बाबूजी, शतावरीची पुडी गोरेगावच्या दुकानात भेटते. जंगलात कायले जाता?" पुडीत कोणत्या मुळाचा भुगा असतो, हे मला ठाऊक नाही. वनातील मूळ मी ओळखतो. म्हणून ऐन हिवाळ्यात मी निघालो.

आमच्या तालुक्याच्या गोरेगावहून एस.टी.ने कोहमारा, तेथून देवरी आणि पुढे चिचगड. देवरीनंतर गाड्या कमी आहेत. इच्छुकांनी सकाळीच निघावे. स्थानकाजवळ तर्री घातलेला आलूबोंडा खावा. स्वस्तात पोट भरते. पुढे धानाची शेते मागे पडली, झाडी दाट होत गेली आणि आपण जागे आहोत की झोपेत, हे मला उमजेनासे झाले.

चिचगडपलीकडील नाल्याच्या काठी पूर्वी शतावरीच्या वेली जागोजागी असत. सायंकाळपर्यंत फिरून एकच सापडली. औषधीला आदल्या सायंकाळी निमंत्रण द्यावे आणि सकाळी खणावे, अशी आमची रीत आहे. बुंध्याशी हळद-तांदूळ ठेवून मी हात जोडले, "उद्या येतो. लेकरासाठी सोबत चलावे." रात्री गावातील स्नेह्यांकडे मुक्काम केला.

सकाळी धुक्यातून तेथे पोहोचलो, तर माझ्या तांदळाशेजारी आणखी तांदूळ होते. एक बाई खणायची सबल घेऊन बसली होती.

"या वेलीला मी निमंत्रण दिले आहे," मी म्हणालो.

"मीबी नेवता देला, बाबाजी. वेल एकटीच उरली, तं दोघाइच्या घरी कशी जाईन?"

"आपणास कशासाठी हवी?"

"आंगनात लावाले. बाकी साऱ्या लोकाइनं खोदून नेल्या."

"अंगणातील वेलीला गुण नसतो."

"जंगलात एकबी नाई राहीन, तं मंग गुन कोठून आनान?"

"मग माती तरी येथलीच न्या," मी म्हणालो.

ती हसली. खणणे आम्ही दोघांनी केले. मुळ्यांचा घोस मला मिळाला. वरचा गड्डा, काही मुळ्या आणि मूठभर माती तिने पदरात बांधली. तिचे नाव सुगनबाई. तिने माझा फोन नंबर घेतला.

घरी मुळ्या सोलून, दुधात उकळून नातसुनेला दिल्या. आता बाळ पोटभर पिऊन झोपते. सुईण त्याचे श्रेय विश्रांतीला देते; मी वाद घालत नाही. डोळे मिटले की ते धुके अजून नाल्यावर तरंगताना दिसते.

काल सुगनबाईचा फोन आला. "बाबाजी, कोंब निंगला."

दुपारच्या उन्हाला आडोसा करा, असे मी तिला सांगितले. फोन ठेवला आणि आमच्या विहिरीजवळची रिकामी जागा पाहत बराच वेळ उभा राहिलो.