जीपच्या अंगात यायचं तेव्हा

आमची जुनी डिझेल जीप न्यूट्रलवर उभी राहिली की तिच्या अंगात यायचं. आरसा थरथरायचा, काचा खडखडायच्या. शेजारी बसलेली माझी बायको सुमन डॅशबोर्डवर तळहात दाबून म्हणायची, "शांत हो गं बाई!" आवाज जरा कमी व्हायचा आणि हात उचलला की पुन्हा सुरू. धावतानाही खडखडाट असायचाच, त्यामुळे गाडीत आम्ही ओरडूनच बोलायचो. बघणाऱ्यांना वाटायचं, भांडतायत.

शेवटी मिस्त्रीनं इंजिनाखालची दगड झालेली रबरं बदलली, दारांचीही बदलली. परतताना सुमन सवयीनं "अहो, डावीकडे!" अशी ओरडली आणि स्वतःच दचकली. दोघंही खूप हसलो.

पुढे घाटात कानावर बारीक गुणगुण आली.

"तू गातेस?"

"गाडीत नेहमीच. तुम्हाला ऐकू जायचं नाही, म्हणून तर," असं म्हणून ती लाजून गप्प झाली.

ज्या खडखडाटाला मी इतकी वर्षं शिव्या घातल्या, तो तिचा आडोसा होता. मी माझ्या बाजूची काच खाली केली. वारा घोंघावत आत शिरला आणि त्याच्या आडून थोड्या वेळानं ती पुन्हा गुणगुणू लागली.