कुलथे सर नुसते बघत होते

जरा जवळ ये गं, कागदावरून का होईना. पीएच.डी.ला लागलीस आणि मावशीला ते बाहेरून कळतं, शोभतं का तुला? समाजाला गणित लावणार म्हणे. मग आमच्या कुलथे सरांबद्दल वाचच.

सिडकोत आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. कॉलेजात प्राध्यापक. जिन्यात दोन बायका बोलताना दिसल्या की पायरीवर थबकायचे, ऐकायचे, मान डोलवून पुढे जायचे. मला वाटलं, माणूस भोचक आहे. मग त्यांनीच समजावलं, "काकू, समाज सरळ रेषेत चालत नाही. नॉनलिनियर डायनॅमिक्स! दूध तापतं तसं. बराच वेळ काहीच नाही, मग एकदम उतू. तो क्षण मी शोधतोय." मी शाळा चौथीत सोडलेली, पुढचं सगळं रद्दीतल्या पुस्तकांवर, पण दुधाचं लगेच पटलं.

तळमजल्यावरची मंगल डबे करायची. नवरा गेलेला, पोरगी बारावीला. एकदा बिल्डिंगच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, तिच्या भाजीत पाल निघाली म्हणे. कुणी पाहिली? कुणीच नाही. एका घरानं डबा बंद केला, मग शेजारच्यांनी. बाकीचे एकमेकांच्या तोंडाकडे बघत घेत राहिले.

सर खुशीत. "अजून दोन घरं फुटली की सगळी फुटतील, काकू. आणि आत्ता एक जरी परत फिरलं ना, तर सगळं थांबेल."

"मग गॅस बंद करा की! खाली पार्किंगमध्ये बसून तिचा डबा खा. आम्ही खातो, पण आम्हाला कोण विचारतं? तुम्ही प्रोफेसर."

"छे छे. मी निरीक्षक. मी हात घातला तर माझा डेटा बिघडेल."

आठवड्यात आमचं सोडून सगळी घरं फुटली. सर म्हणाले होते तस्सं.

त्यानंतर एका दुपारी कुरडया द्यायला वर गेले, तर दार उघडं आणि सर मंगलचाच डबा खात बसलेले. बोटं चाटत! "हिच्या हाताला चव आहे हो," वर मलाच सांगतात, "फक्त कुणाला बोलू नका."

शी! मी तशीच खाली उतरले आणि पार्किंगमध्ये सगळ्यांना ओरडून सांगितलं. लोकांनी वर पाहिलं. सर गॅलरीत उभे. एक "हो" म्हणायचं होतं गं. म्हणाले, "मला यात ओढू नका," आणि आत गेले.

मंगल पोरीला घेऊन मनमाडला भावाकडे गेली. सरांचा या डब्यांवरचाच निबंध कुठल्याशा परिषदेत गाजला; घरोघर पेढे वाटले. मला त्या पेढ्याचीच किळस आली. डबी तशीच त्यांच्या दारात ठेवून आले.

गणित खोटं नव्हतं बाई. खरं होतं, म्हणून तर जास्त संताप येतो. तू शीक ते, पोटभर शीक.

आणि लवकर ये. मंगलनं मनमाडला स्टेशनजवळ पुन्हा डबे सुरू केलेत, पण नवीन जागा, गिऱ्हाईक अजून बिचकतं. आपण दोघी जाऊ, तिच्या दारातल्या बाकावर बसू आणि रस्त्यावरच्या सगळ्यांना दिसेल असं जेवू.