गरम पातेलं

माझा दादा सैन्यात गेला आणि तिथे स्वयंपाकी झाला, ही गोष्ट बाबांनी सहा वर्षं कुणाला कळू दिली नाही. बाबा पाथरवट. "पोरगा आघाडीवर असतो," एवढंच सांगायचे आणि छिन्नीवर हातोडा जरा जोरातच मारायचे. दादा सुटीवर आला की हसायचा. "बाबा, उपाशी पोटी बंदूक कोण उचलतो? आधी मी, मग सेनापती!"

हट्टी तर असा की विचारू नका. जेवण गरमच पोहोचलं पाहिजे, हा त्याचा नियम. युद्ध सुरू झालं तेव्हा डोंगरावरच्या चौकीत अकरा जण होते. बाकीचे स्वयंपाकी कोरडा शिधा वर धाडून मोकळे व्हायचे. दादा पातेलं कांबळ्यात गुंडाळून पाठीला बांधायचा आणि स्वतः चढायचा. सतराव्या दिवशी उतरताना तोफगोळा पडला. पातेलं रिकामं सापडलं. त्या अकरांतला एक जण घरी येऊन हे सांगताना ढसाढसा रडला. मी रडले नाही. मला संताप आला होता.

पुढे चौकातल्या स्मारकासाठी सैन्याच्या कार्यालयातून मजकूर आला: 'शत्रूवर चाल करून जाताना वीरमरण.' दगड बाबांनीच कोरायचा होता.

"बाबा, हे धादांत खोटं आहे," मी म्हटलं.

त्यांनी मजकुराचा कागद घडी घालून खिशात ठेवला. मला वाटलं, झालं, यांना हवं होतं ते आयतंच मिळालं. कोरून झाल्यावर त्यांनी दगडाला कापड असं बांधलं की मलाही बघू दिलं नाही.

समारंभात कार्यालयातल्या साहेबांनी कापड ओढलं आणि त्यांचा चेहराच पडला. दादाच्या नावाखाली होतं: 'स्वयंपाकी. अकरा जणांना गरम जेवण देऊन परतताना मारला गेला.'

"अहो, स्वयंपाकी काय? लोक काय म्हणतील?"

"लोक जेवतात ना?" बाबा म्हणाले.

"हे बदलावं लागेल."

बाबांनी पिशवीतून छिन्नी-हातोडा काढून साहेबांच्या हातात दिला. "घ्या, खोडा. सहा वर्षं मी तोंडाने लपवलं. दगडावर नाही लपवणार."

साहेबांनी हातात हातोडा धरून दगडावरची ओळ पुन्हा वाचली. मग तो त्यांनी हळूच खाली ठेवला.

बाबा गर्दीकडे वळले आणि अख्ख्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझा पोरगा स्वयंपाकी होता!"