दारात थांबलेली गाडी

सिकलसेलच्या संशोधनासाठी आमच्या गावात घरोघर रक्त घेतलं, तेव्हा मी गावाहून रोज नागभीडला कॉलेजात जात होते. डॉक्टरबाईंनी प्रत्येक घरी सांगितलं होतं, "कोणाचा रिपोर्ट काय आला, हे बाहेर कोणालाच कळणार नाही." आईने विश्वास ठेवला. मीही.

काही दिवसांनी त्यांची पांढरी गाडी परत आली आणि मोजक्याच घरांसमोर थांबली. त्यात आमचं होतं. बाईंनी दार लोटून घेतलं आणि हळूच सांगितलं, मी वाहक आहे. मला स्वतःला त्रास नाही, पण नवराही वाहक असला तर मुलांना आजार होऊ शकतो. मायेने बोलल्या. बाहेर मात्र गाडी उभीच होती आणि शेजारीण ओट्यावरून बघत होती.

संध्याकाळी बोअरिंगवर पाणी भरताना तिने आईला गाठलं. "गाडी तुमच्याच इथी काऊन थांबली वो बाई?"

"पोरीले अशक्तपणा हाय. गोळ्या द्याले आल्या होत्या."

आई घरी आली ती अर्धी घागर सांडूनच. माझ्यासाठी भद्रावतीचं स्थळ नुकतंच आलं होतं.

मग कुठलंही इंजिन वाजलं की मी दाराच्या फटीतून बघायचे. बाई पुन्हा येणार होत्या त्या दिवशी मी कॉलेज बुडवलं, धानाच्या बांध्या ओलांडून फाट्यावर गेले आणि गाडी अडवली.

"मॅडम, घरी नका येऊ. लोकाईले समजून राह्यलं."

"पण आम्ही कोणाचं नाव सांगितलेलं नाही."

"नाव कायले सांगा लागते? गाडी दिसते ना!"

त्या खाली उतरल्या. "हे माझ्या लक्षातच आलं नाही," म्हणाल्या. त्यानंतर गाडी फाट्यावर ठेवून त्या पायी, सगळ्याच घरी जाऊ लागल्या.

पण कुजबुज भद्रावतीला पोचली होती. मुलाच्या वडिलांनी बैठकीत सरळ विचारलं. आईने चहाची कपबशी त्यांच्यापुढे सरकवली. मी आतल्या दारात उभी होते.

"हो, मी वाहक आहे," कशीबशी म्हणाले. "तुमच्या मुलाचंही रक्त तपासा."

चहा तसाच टाकून ते उठले.

त्यानंतर रोज वाटायचं, आता नकार येईल. शेवटी मुलाचाच फोन आला. "तपासलं मी. माझ्यात नाई."

"आणि बाबा?"

"बोलून नाई राह्यले अजून. पण बोलतीन."

लग्न झालं. धाकटी बहीण तपासणीच्या वेळी मामाकडे होती, म्हणून सुटली होती. तिचं रक्त आईने आजवर कोणाला घेऊ दिलेलं नाही.