माहेरच्या गाडीची चावी

लग्नानंतरचा पहिला सण करून मी मांडवगणहून कुरकुंभला, सासरी परत निघाले, तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गाडीची दुसरी चावी माझ्या हातावर ठेवली. "माहेरी आलीस की गाडीसाठी कुणाला इचारायचं न्हाई," म्हणाले. याच फोर-बाय-फोरवर त्यांनी मला उसाच्या रानातल्या चिखलातून चालवायला शिकवलं होतं. गाडी रुतली की मी रडकुंडीला यायचे आणि ते शेजारी बसून खुशाल शेंगा खायचे.

ती चावी कायम पर्समध्ये असायची, वापरली मात्र कधीच नाही. सणाला मला न्यायला मुराळी म्हणून आबाच यायचे, आणि घरी पोचल्यावरही मी म्हणेन तिथं तेच घेऊन जायचे.

आबा गेल्यानंतरच्या दिवाळीला भाऊ न्यायला आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मला नदीकडच्या रानात एकटीनंच जावंसं वाटलं. आबांशिवाय ते रान मी पाहिलंच नव्हतं. पर्समधली चावी काढली. दार उघडलं, डॅशबोर्डवरचे दिवेही लागले, पण इंजिन काही चालू होईना. कुलपाचं लाल चिन्ह नुसतं लुकलुकत राहिलं.

भाऊ दात घासत अंगणात आला. "ताई, ती चावी न्हाई चालायची आता. पावसाळ्यात पानी शिरून ईसीएम गेला. दौंडच्या गॅरेजात नवा टाकला."

इंजिनाचा मेंदूच बदलला होता तर. "मग माझ्या चावीला काय झालं?"

"मेकॅनिक म्हनला, हायेत तेवढ्या चाव्या आना, नव्याला सगळ्यांची वळख करून द्यावी लागती. तुजी माज्या ध्यानातच आली न्हाई. तू कवा वापरलीस ती?"

खरंच होतं ते. म्हणून धड भांडताही येईना. पण आबा गेले तेव्हासुद्धा हे घर मला इतकं परकं वाटलं नव्हतं.

"ही माजी घे," तो म्हणाला. "आन् तुजी दौंडला नेऊन करून आनू. तासाभराचं काम हाय."

"राहू दे," मी म्हणाले.

मला दौंडला जायचंच होतं. त्यानं आणखी एकदा म्हणायला हवं होतं, एवढंच. आबांनी माझं ऐकलंच नसतं. बखोटीला धरून गाडीत बसवलं असतं, आणि येताना भेळ खाऊ घातली असती.

"बरं," भाऊ म्हणाला, आणि चूळ भरायला गेला.