नानांच्या ओट्यावरचा चहा

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण अमळनेर तालुक्यातल्या एका गावात घेतलेला कपभर चहा अजून माझ्या घशाखाली उतरलेला नाही.

त्या गावातल्या आबांच्या मुलीने दुसऱ्या जातीत लग्न केलं. गावात वजन असलेल्या नानांनी आबांचं घर वाळीत टाकलं. दुकानदार किराणा देईना, गिरणीवाला दळण घेईना. आबांनी ठाण्यात अर्ज दिला, म्हणून मी चौकशीला गेलो. नाना बोलायला फार गोड. ओट्यावर खुर्ची टाकली, चहा मागवला.

“साहेब, आम्ही कोणले मारतस नही, फक्त बोलतस नही. हाऊ आम्हना हक्क शे.”

मला ते पटलं, याची आज लाज वाटते. ज्याचं त्याचं मत, म्हणत मी तोंडी समज दिली आणि अर्ज निकाली काढला. आबांच्या घरी गेलोसुद्धा नाही.

महिन्याभरात आबांची बोंडं धरलेली कपाशी कोणीतरी उपटून टाकली. पंचनाम्याला गावातून एक पंच मिळेना. तिसऱ्या दिवशी गिरणीवाल्याचा ठाण्यात फोन आला. दोन तरुणांची नावं सांगून, “मन्हं नाव लिखू नका,” म्हणत त्याने फोन ठेवला.

दोघांना वेगवेगळं बसवलं. माणूस कबुलीजवळ आला की वारंवार पाणी मागतो. एकाने तिसरा पेला संपवला आणि कबूल झाला. नानांनी सांगितलं होतं का, मी विचारलं.

“नानानी काहीच सांगं नही. पण तुम्ही त्यासना वट्टावर चहा पिनात, ते बठ्ठा गावनी देखं. मंग वाटनं, आते आम्हले कोण अडावस?”

माझा तो चहा सगळ्या गावाने पाहिला होता. त्याचं वाक्य जबाबात जसंच्या तसं घ्यायला मी हवालदाराला सांगितलं.

या खेपेला नानांवरही सामाजिक बहिष्काराचा गुन्हा नोंदवला. पण तोवर आबा शेत टाकून धुळ्याला मुलीकडे निघून गेले होते. पोलिसाने सगळ्यांचं ऐकून घ्यावं, असं मी नव्या फौजदारांना शिकवायचो. पण दुसऱ्याला गावात जगू न देणं हे काही मत नव्हे. मी त्याला मताचा मान दिला आणि बाकीचं काम त्या दोन पोरांनी केलं.

पुरवणी जबाबासाठी धुळ्याला गेलो. मुलीने चहा आणला. आबा माझ्या कपाकडे बघून म्हणाले,

“साहेब, हाऊ चहा त्या दिन आम्हना वट्टावर पेवाले पाहिजे व्हता. बठ्ठा गावनी तो बी देखा असता.”