सासूबाईंची पाठ आणि माझा डावा पाय

सासूला लाथ मारावीशी वाटणाऱ्या सुना नागपुरात ढिगानं असतील. पण सासूनं स्वतः पाठ वळवून लाथ मागितली आणि मारून झाल्यावर वर चहाही पाजला, अशी सून बहुधा मी एकटीच. पंचवीस वर्षं आमचं हे चाललं. आज हसत सांगते आहे, पण गेल्या उन्हाळ्यात मला घास गोड लागत नव्हता. ह्याच पायानं मी म्हातारीचं हाड मोडलं की काय, ही एकच धास्ती होती.

तर मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी माझे पाय आधी बाहेर आले. मौद्याला आजोळी झाले मी, आणि आई सांगते की सुईण माझे पाय पाहून आईवरच ओरडली. अशा माणसानं पाठीला पाय लावला की भरलेली उसण उतरते, असं आपल्याकडे मानतात. पायाळूला जमिनीत पुरलेलं धनही दिसतं म्हणे. मला डोक्यावर सरकवलेला चष्मा दिसत नाही, ते सोडा. वर मी शाळेत विज्ञान शिकवते. दिवसा सातवीच्या पोरांना अंधश्रद्धेवर धडा द्यायचा आणि संध्याकाळी घरी येऊन गल्लीतल्या पाठींना लाथा घालायच्या, असा माझा दुटप्पी संसार.

लग्नही ह्या पायानंच जमवलं. सासूबाई मला बघायला आल्या तेव्हा पोह्यांची बशी घ्यायला वाकल्या आणि "अवो माय" करून कंबर धरून बसल्या. त्यांची कंबर वर्षातून तीन-चारदा अशी धरायची. माझी मावशी पटकन बोलून गेली, की आमची पोरगी पायाळू आहे. झालं. माझं बीएस्सी, माझी नोकरी, माझा सावळा रंग, सगळं बाजूला राहिलं. सासूबाईंनी माझ्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघितलं आणि होकार देऊन टाकला.

रीत साधी होती. त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या, मी दाराची चौकट धरायची आणि डावा पाय तीनदा त्यांच्या कंबरेला लावायचा. पहिल्या वेळी मी नवी नवरी, नुसता अंगठा टेकवला. त्या वळून म्हणाल्या, "कुरवाळून राहिली का वं? लाथ मार म्हटलं तुले." मग मी शिकले. तीन-चार दिवसांत त्यांची कंबर मोकळी व्हायची आणि त्या सगळ्या नातेवाइकांत माझ्या पायाचे गोडवे गायच्या. तोंडाचे कधी गायल्या नाहीत. माझ्या हातच्या वडाभाताला पंचवीस वर्षांत "ठीक आहे" ह्याच्या वर त्या गेल्या नाहीत. खरं सांगायचं तर आमचा एकमेकींना स्पर्श व्हायचा तो एवढाच, वर्षातून तीन-चारदा, लाथांचा.

गेल्या वर्षी होळी झाली आणि ऊन तापायला लागलं. कूलर माळ्यावरून उतरवा म्हणून सासूबाई आठवडाभर माझ्या मागे लागल्या होत्या. मी पेपर तपासत होते, रविवारी उतरवू म्हटलं. त्यांनी नणंदेला फोन लावला आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, की आमच्या घरी कूलर महाराणीच्या मुहूर्तानं उतरते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि नेमकी त्याच संध्याकाळी त्यांची कंबर धरली. त्या भिंतीकडे वळल्या, मी चौकट धरली. पहिल्या दोन लाथा रीतीच्या होत्या, तिसरी माझी होती. त्या भिंतीला जाऊन टेकल्या. एरवी लगेच "हं, उतरली" म्हणायच्या, त्या दिवशी काही बोलल्याच नाहीत. चहाही मलाच करावा लागला.

रविवारी मी आणि नवऱ्यानं कूलर उतरवला, पण कंबर काही उतरेना. चार दिवस झाले, दोन आठवडे झाले. कुशीवर वळताना त्या कण्हायच्या, खुर्चीतून उठताना टेबलाला धरायच्या. नवऱ्याचं वैद्यकशास्त्र बामाच्या बाटलीपाशी संपतं, त्यामुळे तो बाम आणून मोकळा झाला. त्यांनी दोनदा पुन्हा लाथ मागितली. माझा गुडघा दुखतो अशी मी थाप मारली, कारण आता मला माझ्याच पायाची भीती वाटत होती. त्यातच त्यांच्या साडीच्या निऱ्या जमिनीवर लोळायला लागल्या. नेसताना वाकता येत नसेल, असं मी स्वतःला समजावलं. सहा आठवड्यांनी मात्र राहवेना, आणि त्यांना ऑटोत घालून हाडांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची होती. तिनं प्रश्नांची सरबत्तीच लावली. दुखणं पायात उतरतं का, मुंग्या येतात का, ताप, वजन कमी, लघवी बरोबर होते का? सासूबाईंनी माझ्याकडे बघून तोंड वाकडं केलं. कंबर दुखते म्हटलं तर ही कुठल्या कुठं पोचली, असा त्यांचा चेहरा. डॉक्टरनं समजावलं, की नस दबली आहे का, आत दुसरा काही आजार आहे का, ते अशा प्रश्नांतून कळतं. पुष्कळशी कंबरदुखी साधी असते, फोटोसुद्धा न काढता दिवसांत नाहीतर आठवड्यांत आपली आपण जाते. पंचवीस वर्षांचं श्रेय माझ्या पायाकडून तिथल्या तिथं काढून घेतलं गेलं. पण सासूबाईंचं वय, जमिनीवर लोळणाऱ्या निऱ्या आणि न हटणारं दुखणं तिला आवडलं नाही. तिनं पाय उचलून पाहिले, टाचांवर चालवलं, पाठीच्या कण्यावर मुठीनं हलकं हलकं ठोकत खाली आली. एका ठिकाणी सासूबाई कळवळल्या. मग एक्सरे काढला.

कंबरेतला एक मणका पुढून दबला होता. हाडं आतून पोकळ झाली आहेत, डॉक्टर म्हणाली, आणि साडी लोळते ती त्याचमुळे, उंची खरंच घटली आहे. मग तिनं पेन उघडलं आणि विचारलं, "काही मार लागला होता का?"

डावा पाय मी खुर्चीखाली ओढून घेतला. तरी मी सुरुवात केली, "डॉक्टर, ते मी..."

"पडली मी," सासूबाई म्हणाल्या. "होळीनंतर. कूलरचं पाणी सांडलं होतं फरशीवर, त्याच्यावरून घसरली."

डॉक्टरनं ते लिहून घेतलं. दुखणं सुरू झालं त्या दिवशी कूलर अजून माळ्यावरच होता. आणि ही बाई उंबरठ्याला अंगठा ठेचला तरी रामटेकच्या बहिणीला फोन करते. ती पडेल आणि सहा आठवडे कुणाला सांगणार नाही, हे शक्यच नाही. मी छत्री विसरल्याचं निमित्त करून परत आत गेले आणि डॉक्टरला लाथेचं सगळं सांगून टाकलं. ती हसली नाही, ह्याबद्दल मी तिची जन्माची ऋणी आहे. अशी हाडं बादली उचलताना मोडतात, शिंकतानाही मोडतात, ती म्हणाली. लाथेनं मोडलं की नाही, ते सांगता येणार नाही. पण ह्यापुढे कुणालाच लाथ मारायची नाही. परतताना ऑटोत मी सासूबाईंना विचारलं, खोटं काहून बोललात. रस्त्यानं गड्डे आहेत, बोलू नको, एवढं म्हणून त्यांनी डोळे मिटले.

मग पट्टा आला, हाडं भरायच्या गोळ्या आणि इंजेक्शन आलं. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, पण अंथरुणात लोळायचंही नाही, रोज चालायचं. काही आठवड्यांनी व्यायाम सुरू झाले. खुर्चीत ताठ बसून खांदे मागे ओढायचे आणि हात न टेकता उठायचं, दहा वेळा. मी मोजायला बसायचे. सासूबाई सहानंतर थेट नऊ म्हणायच्या आणि मी त्यांना पुन्हा सातवर आणायचे. पावसाळा संपेपर्यंत त्यांचं कण्हणं थांबलं, आणि डॉक्टरचे सगळे प्रश्न तोंडपाठ झाले.

दिवाळीच्या आधी कामठीचा एक पावरलूमवाला आला. दरवर्षी लाथ खायला यायचा बिचारा. मी चहा ठेवायला आत गेले, तोवर सासूबाईंनी त्याला फाटकातच धरलं.

"पायात मुंग्या येते का? ताप? लघवी बराबर होते ना गा?" अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं. तो लाजून चूर झाला, पण सगळ्याला नाही, आणि शेवटच्याला हाव म्हणाला. मग साधी आहे, चालत राहा, दोन-तीन हप्त्यांत गेली नाही तर डॉक्टरकडे जा, असा त्यांनी निकाल दिला. तो म्हणाला, ते ठीक आहे, पण बाईंचा पाय लावून द्या ना.

"बंद झालं ते."

"काहून? पायाले काही झालं का त्यांच्या?"

"पाय चांगला आहे तिचा," सासूबाई म्हणाल्या. "राग आवरत नाही तिले."

मी ट्रे घेऊन दारातच उभी होते. कप वाजले म्हणून दोघांनी वळून पाहिलं. त्यानं चहा प्यायला, कंबर धरून निघून गेला. तो जाईपर्यंत मी थांबले आणि मग विचारलं, "आई, तुम्हाला माहीत होतं?"

"पंचवीस वर्षं तुले पाठ देऊन राहिली मी. कोणती लाथ कशाची, मले समजणार नाही का वं?"

मला रडू फुटलं. माझं चुकलं, आई, असं मी म्हणाले, ते पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खुर्ची ओढली, ताठ बसल्या, खांदे मागे घेतले आणि म्हणाल्या, "मोज."

मी नाक पुसून मोजायला लागले. सहानंतर त्या नऊ म्हणाल्या, आणि मी पुढे दहा म्हटलं.